टीव्हीवर न दिसलेलं मेटल कुठून ऐकायला घेऊ?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

माझी हेवी मेटलशी ओळख लहानपणी म्युझिक चॅनलमुळे झाली. रात्री उशिरा, आवाज अगदी बारीक ठेवून पाहायचो. मेटॅलिकाचा 'वन'चा कृष्णधवल व्हिडिओ पाहिला आणि शेवटाकडचा तो डबल बेस ड्रमचा मारा सुरू झाल्यावर जागचा हललो नाही. मग आयर्न मेडन, जुडास प्रीस्ट, मेगाडेथ. दोन गिटार एकमेकींच्या हातात हात घालून चालतात, ते प्रेम आजही तसंच आहे.

आता जाणवतंय की मला तेवढंच माहीत आहे जेवढ्याचे व्हिडिओ लागायचे. मेटॅलिकाचंच बघा ना, १९८९ साली 'वन'चा व्हिडिओ आला, तो त्यांचा पहिलाच! तोवर चार अल्बम निघून गेले होते. म्हणजे ज्यांनी व्हिडिओ केलेच नाहीत, असे कितीतरी बँड माझ्याकडून राहून गेले असणार.

ब्लॅक सॅबथ १९७० च्या पहिल्या अल्बमपासून ऐकून झालंय. त्यांच्या संथ, जड रिफमधून (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या सुरावटींतून) पुढे डूम मेटल आलं, ते मला मनापासून ऐकायचंय. कँडलमास या डूम बँडनंतर कोण? आणि ८० च्या दशकातलं थ्रॅश, म्हणजे वेगवान, आक्रमक मेटल, मोठे चार बँड (मेटॅलिका, मेगाडेथ, स्लेयर, अँथ्रॅक्स) सोडून? डेथ मेटलमध्ये संगीत आवडतं, पण गुरगुरत्या आवाजाशी कान जुळत नाहीत. कुठल्या अल्बमपासून सुरुवात केली तर जुळतील?

कृपया सुटी गाणी नकोत, पूर्ण अल्बम सुचवा, आणि तुम्हाला तो का आवडतो तेही लिहा.