डिप्रेशनला केटामाइनचं सलाइन, कुणी घेतलंय का?

सिडकोची ताई: धाकटा भाऊ निफाडला असतो, द्राक्षबाग आहे. दोन वर्षं डिप्रेशन. तीन वेगवेगळ्या गोळ्या झाल्या, पूर्ण डोसवर, प्रत्येक दोन-तीन महिने. यंदा गोडी छाटणीला बागेत पाऊल टाकलं नाही. कात्री ओट्यावरच गंजली. आता इथल्या, नाशिकच्या डॉक्टरांनी केटामाइन सुचवलंय. आई म्हणते, "भुलीचं औषध? झोपवून ठेवणार का पोराला?"

पंचवटीकर: झोपवत नाहीत ओ. मी गेल्या वर्षी घेतलं. भुलीपेक्षा डोस बराच कमी. माझं वजन ७०, तर ३५ मिलिग्रॅम, ४० मिनिटांत सावकाश. आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. पहिल्या वेळी छताचा पंखा लांब लांब जात राहिला, हात माझे वाटेनात. मळमळलं, बीपी चढलं. दीड-दोन तासांत सगळं उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपणहून दाढी केली. बायको दारात उभी राहून नुसती बघत होती.

पण कोर्स संपल्यावर दोन आठवड्यांत परत घसरलो, हेही सांगतो. आता महिन्याला एक सलाइन, आणि गोळ्या चालूच. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, निफाडहून सोबत माणूस लागेल.

ओटीतली सिस्टर: आईंना सांगा, भुलीसाठी हे १९७० पासून वापरात आहे. डिप्रेशनसाठी आपल्याकडे ऑफ-लेबल देतात, म्हणजे या आजारासाठी अधिकृत मंजुरी नसताना, म्हणून संमतीपत्र नीट वाचा. शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक सरकारी नियंत्रणातलं औषध आहे. कुणी बाटली घरी न्या म्हणालं तर तिथून उठा. नशेसाठी वारंवार घेणाऱ्यांच्या मूत्राशयाची वाट लागते. भावाला बीपी, हृदयाचा त्रास, कधी भास झालेत का, सगळं आधी सांगा.

गंगापूर रोड: शॉकचंही (ईसीटी, भूल देऊन मेंदूला देतात तो विजेचा झटका) विचारा. २०२३ च्या अमेरिकेतल्या तुलनेत केटामाइनने ५५ टक्के पेशंटना बराच फरक पडला, शॉकने ४१. पण भास-भ्रमवाले पेशंट त्यात घेतलेच नव्हते.

ओटीतली सिस्टर: ताई, राहिलंच. मरणाचं बोलतो का तो? बागायतदाराचं घर, फवारणीची औषधं कुठे असतात? तसं काही वाटलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच घेऊन या. १४४१६ हा टेलिमानसचा, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, रात्रीही लागतो.

सिडकोची ताई: बोलला होता, दिवाळीत एकदा. डॉक्टरांना आत्ताच फोन करून सांगितलं, त्यांनी उद्या सकाळीच बोलावलंय. आज रात्री तो माझ्याकडेच आहे. शेडला कुलूप लावून आले, किल्ली माझ्या पर्समध्ये. पंख्याचं वाचून दाखवलं तर म्हणाला, "आपल्याकडे तर पंखा चालतच नाही."