गेमचं पोर्ट आणि सोसायटीचा डीव्हीआर

शनिवार

ए-४०१, सकाळी ९:१२
नमस्कार मंडळी. नेटबद्दल जरा मदत पाहिजे होती. लेकीनं तिच्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्ट गेमचा सर्व्हर चालू केलाय, म्हणजे बाकीचे तिच्या कॉम्प्युटरला जोडून खेळणार. सुट्टीत गडहिंग्लजचे दोघं मावसभाऊ आणि गारगोटीची आतेबहीण मिळून खेळणार म्हणून. घरातल्या घरात चालतंय, पण बाहेरनं कुणालाच जोडता येईना. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करायला पाहिजे म्हणते. दोन दिवस बाप-लेक त्यालाच बसलोय, जमेना. कुणाला माहिती हाय काय?

सी-१०२, ९:२०
पोर्ट उघडायचं म्हणजे बाहेरच्यांना आत घ्यायचं ना? माझं सगळं बँकेचं मोबाईलवर असतंय. एका घरात उघडलं तर बाकीच्यांना धोका न्हाई ना?

डी-३०३, ९:२२
काका, मी तर माझ्या कॉम्प्युटरसाठी डीएमझेड ऑन केलोय. एका झटक्यात सगळं चालतंय बघा.

बी-२०४, ९:४०
डी-३०३, ते आधी बंद कर बाळा, आत्ताच. डीएमझेड म्हणजे बाहेरून येणारं सगळं तुझ्या कॉम्प्युटरवर सोडणं. एका खेळासाठी घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या टाकण्यासारखं आहे ते.

काकू, तुमच्या घराला काही होत नाही. प्रत्येक फ्लॅटची लाईन वेगळी, राउटर वेगळा. ४०१ नं उघडलं तर ते त्यांच्याच घरात उघडतं. पण त्यांच्या घरासाठी तुमची शंका रास्त आहे, त्याच्यावर येतो.

आधी हे चालतं कसं ते सांगतो. घराला बाहेरून एकच पत्ता असतो, आत मात्र मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप अशी दहा यंत्रं. आतल्यानं काही मागवलं तर राउटर लक्षात ठेवतो आणि आलेलं त्यालाच देतो. पण कुणी न मागवता बाहेरून काही आलं, तर ते कुणाचं हे त्याला कळत नाही, मग तो टाकून देतो. आपल्या गेटवर फ्लॅट नंबर नसलेलं पार्सल आलं की वॉचमन परत पाठवतो, तसंच. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे वॉचमनला एकच सूचना देऊन ठेवायची: २५५६५ नंबर (हाच पोर्ट) लिहिलेलं काही आलं तर ते अमुक कॉम्प्युटरकडे पाठव. बाकी सगळं पूर्वीसारखंच परत.

४०१, दोन गोष्टी सांगा. माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्या असतात, तुमची जावा आहे का बेडरॉक? जावाला २५५६५ टीसीपी लागतं, बेडरॉकला १९१३२ यूडीपी (टीसीपी, यूडीपी या माहिती पाठवायच्या दोन पद्धती). आणि राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीनं राउटरला दिलेला बाहेरचा पत्ता, काय दिसतोय? नुसते पहिले दोन आकडे लिहा, पूर्ण पत्ता ग्रुपवर टाकू नका.

ए-४०१, १०:०५
जावा. वॅन आयपी १००.७२ पासनं सुरू होतोय. आणि गूगलवर माझा आयपी बघितला तर तिथं भलताच नंबर दाखवतंय.

बी-२०४, १०:१८
सापडलं. तुमची काही चूक नाही.

१००.६४ ते १००.१२७ हे पत्ते २०१२ मध्ये खास नेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सुमारे ४३० कोटीच, आणि आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला होता. म्हणून कंपन्या शेकडो घरांना एकाच पत्त्यामागं बसवतात. त्याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे आपल्या वॉचमनला तुम्ही सूचना दिलीत, पण कॉलनीच्या तोंडाला कंपनीचं अजून एक गेट आहे, आणि तिथल्या वॉचमनला तुम्हाला सूचना देता येत नाही. तुम्ही राउटरमध्ये कितीही बरोबर भरा, पार्सल तिथूनच परत जाणार.

इलाज दोन. एक, कंपनीला फोन करून पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येणारा स्वतःचा पत्ता, मागायचा. बऱ्याच ठिकाणी महिन्याला थोडे पैसे जास्त घेतात. दोन, टेलस्केलसारखं ॲप तुमच्या आणि तिन्ही पोरांच्या कॉम्प्युटरवर टाकायचं. त्यात पोर्ट उघडावंच लागत नाही, चौघांचं खाजगी जाळं तयार होतं. खेळणारे घरचेच असतील तर माझं मत दुसऱ्याला.

ए-४०१, १०:३१
गारगोटीचा कॉम्प्युटर तिच्या वडिलांच्या ऑफिसचा हाय, त्याच्यावर दुसरं काही टाकू देत न्हाईत. कंपनीशी बोलतो. आणि खरं सांगायचं तर लेकीला हे शिकायचंच हाय. वहीत राउटरचं चित्र काढून बसलीया.

बी-२०४, १०:४४
मग नीट शिकू दे. पब्लिक आयपी मिळाला की या क्रमानं करा. आधी राउटरमध्ये तिच्या कॉम्प्युटरला आतला पत्ता कायमचा बांधून द्या, समजा १९२.१६८.१.५०. नाहीतर आज केलेला नियम चार दिवसांनी टीव्हीकडं बोट दाखवतो. मग २५५६५ टीसीपी त्या पत्त्याकडं. मग विंडोजच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या वॉचमनकडं, जावाला परवानगी. बहुतेक जण इथंच विसरतात आणि राउटरला दोष देतात. तपासताना घरच्या वायफायवरून बाहेरचा पत्ता टाकून बघू नका, बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत. दुसऱ्या लॅपटॉपला मोबाईलचा हॉटस्पॉट देऊन बघा.

आता काकूंच्या शंकेचं. उघड्या पोर्टचा धोका पोर्टात नसतो, त्याच्यामागं काय चालू आहे त्यात असतो. डिसेंबर २०२१ मध्ये जावा माइनक्राफ्टमध्ये वापरलेल्या लॉगफोरजे नावाच्या भागात चूक सापडली. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये विशिष्ट ओळ टाइप केली तरी सर्व्हरचा ताबा घेता येत होता. माइनक्राफ्टच्या १.१८.१ आवृत्तीत ती दुरुस्त झाली. म्हणून सर्व्हर जुना ठेवायचा नाही. व्हाइटलिस्ट चालू करून फक्त त्या तीन पोरांची नावं घालायची, ऑनलाइन-मोड ट्रू ठेवायचा, म्हणजे खरं खातं असलेल्यालाच आत घेतं. राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदलायचा. आणि यूपीएनपी बंद करायचं, कारण ते चालू असलं की घरातलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता स्वतः पोर्ट उघडून घेतं.

डी-३०३, १०:५०
काढलो काका डीएमझेड.

सेक्रेटरी, ११:०२
एक विचारतो. आपला सीसीटीव्ही आम्ही कमिटीवाले मोबाईलवर बघतो. बसवणाऱ्यानं त्यासाठी स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घ्यायला लावला होता. ते पण असंच पोर्ट उघडून केलं असेल काय?

बी-२०४, ११:०६
बहुतेक तसंच असणार. केबिनची किल्ली देता का? आत्ताच बघतो.

बी-२०४, १२:२५
सगळ्यांनी हे नीट वाचा.

डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याची, दोन पोर्टं बाहेर उघडी होती, ८० आणि ५५४. यूपीएनपी चालू. आणि पासवर्ड बसवला त्या दिवशीचाच, डब्याच्या स्टिकरवर छापलेला. मी माझ्या मोबाईल डेटावरून पत्ता टाकला, तो पासवर्ड घातला, आणि जिना, पार्किंग, मुलांची घसरगुंडी, सगळं समोर दिसलं. मी कमिटीत नाही. मला दिसलं तसं कुणालाही दिसलं असतं. मला खरंच वाईट वाटलं, माझीही पोरगी रोज तिथं खेळते.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं नेमकं हेच शोधलं. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या घेऊन तो जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर धुंडाळत फिरायचा, आणि सापडलेली लाखो यंत्रं दुसऱ्यांवर हल्ल्याला जुंपायचा. तो लिहिणारी पोरं माइनक्राफ्ट सर्व्हरच्या धंद्यातल्या भांडणातून तिथवर पोचली होती. ४०१ च्या लेकीला हे जरूर सांगा, तिला पटेल.

दोन्ही पोर्टं आणि यूपीएनपी बंद केलंय. पासवर्ड बदललाय, तो सेक्रेटरींना समक्ष देतो.

सी-१०२, १२:३३
अगं बाई. म्हणजे पोरीच्या खेळाला मी भ्यायले आणि दार आपलंच उघडं होतं. बरं झालं बघितलंत.

सेक्रेटरी, १२:४०
आता आम्हाला मोबाईलवर दिसत नाही.

बी-२०४, १२:४४
आज संध्याकाळी राजारामपुरीतून साधा व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायची खाजगी वाट, देणारा राउटर घेऊन येतो, बिल सोसायटीला. उद्यापासून कमिटीतल्या तिघांच्या मोबाईलवर दिसेल, बाकी कुणाला नाही.

मंगळवार

ए-४०१, रात्री ८:१५
काल पब्लिक आयपी मिळाला. नियम लेकीनंच भरला, मी नुसता शेजारी बसलो. आधी हॉटस्पॉटवरनं बघितलं, मग गडहिंग्लजचे दोघं आत आले, मग गारगोटी. घरात नुसता दंगा चाललाय.

ए-४०१, ९:०२
लाईट गेली होती पाच मिनिटं. आली, पण आता कुणालाच जोडता येईना.

बी-२०४, ९:०६
राउटर परत चालू झाला की पब्लिक आयपी बदलू शकतो, स्टॅटिक नसेल तर. राउटरमध्ये डीडीएनएस म्हणून पान असेल, तिथं एक नाव नोंदवा. पोरांना आकडे द्यायचे नाहीत, ते नाव द्यायचं. पत्ता बदलला की नाव आपोआप नव्याकडं वळतं.

ए-४०१, ९:३४
झालं, जोडले परत तिघं. शाळा सुरू झाली की नियम बंद करायचा, असं तिनं स्वतःच वहीत लिहून ठेवलंय.

सेक्रेटरी, ९:४१
डीव्हीआरचा नवा पासवर्ड केबिनच्या रजिस्टरात कुणी लिहू नका. माझ्याकडं आणि खजिनदारांकडं बंद पाकिटात ठेवलाय.