मदत हवी आहे : चलाचा लोप करताना वजाबाकीत चिन्ह चुकते

नमस्कार. आम्ही परळला राहतो आणि माझी मुलगी यंदा मराठी माध्यमातून दहावीला आहे. एकसामयिक समीकरणे चलाचा लोप करून सोडवताना ती एकाच जागी वारंवार अडखळते आणि मला तिला पटेल असे कारण सांगता येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. कालचे उदाहरण असे होते :

३क्ष − ४य = ७ … (१)
२क्ष − ३य = ४ … (२)

पहिल्याला २ ने आणि दुसऱ्याला ३ ने गुणून तिने ६क्ष − ८य = १४ आणि ६क्ष − ९य = १२ ही समीकरणे बिनचूक मिळवली. वजा करताना मात्र ६क्ष आणि १२ यांची चिन्हे बदलली, मधले −९य तसेच राहिले आणि −१७य = २ आले. चिन्हे बदलण्याचा नियम तिला पाठ आहे. पण दोन वेगळी समीकरणे एकमेकांतून वजा करता येतातच कशी, असे तिने विचारले, आणि मला तो प्रश्न चुकीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

प्रतिसाद १ :
ताई, गाडीवर ३ वडापाव आणि २ चहा यांचे ८४ रुपये झाले, ३ वडापाव आणि १ चहा यांचे ७२, तर चहा कितीचा हे तिला विचारा. १२ हे उत्तर ती तोंडीच देईल, आणि तिने केलेली वजाबाकी समीकरणांचीच असेल. दोन्ही बाजू समान असल्यामुळे डावीतून डावी आणि उजवीतून उजवी काढली तरी समानता टिकते. −९य ही बिलातील सूट समजावी; अख्खे बिल वजा करायचे तर सूटही परत द्यावी लागते, म्हणून −(६क्ष − ९य) = −६क्ष + ९य. काही दिवस तिला हा कंस लिहूनच पुढे जाऊ द्या, किंवा (२) ला सरळ −३ ने गुणून फक्त बेरीज करू द्या.

प्रतिसाद २ :
ताळ्याकडेही लक्ष द्यावे. चुकीचे य = −२/१७ समीकरण (१) मध्ये ठेवले की क्ष = ३७/१७ येते, आणि या किमती (१) ला बसणारच, कारण क्ष तिथूनच काढला आहे. (२) मध्ये मात्र ४ ऐवजी ८०/१७ येतात.

धागाकर्ती :
मनापासून आभार. −३ ने गुणून तिने य = २, क्ष = ५ काढले आणि (२) मध्ये ताळा घेतला : १० − ६ = ४.