पहिली गाडी म्हणून जुनी दोन दारी कूपे बघतोय, तिसरा गिअर खर्र करतो, चूक माझी की गाडीची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लायसन्स मिळून आठ महिने झाले. क्लासमध्ये मॅन्युअल शिकलो, नंतर घरातली ऑटोमॅटिक हॅचबॅकच चालवली, म्हणजे क्लचची सवय जवळपास गेलीच म्हणा. आता स्वतःची पहिली गाडी घ्यायचीय. शहाण्यासारखा चार दारांची छोटी गाडी बघायला गेलो होतो आणि तिच्या शेजारी ही उभी होती, बुटकी, लांब नाकाची, दोन दारांची. चार दारांचीचं बोनेट उघडून बघायचंही राहून गेलं.

दोन लिटर पेट्रोल, सहा गिअर मॅन्युअल, मागच्या चाकांना ड्राइव्ह, ११ वर्षं जुनी, ९४ हजार किलोमीटर, मी तिसरा मालक होईन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर दुसऱ्याच प्रतिसादापासून कुठली कंपनी भारी यावर मारामारी सुरू होते आणि माझा प्रश्न राहतो बाजूला.

तर झालं असं की टेस्ट ड्राइव्हला मोकळा रस्ता मिळाला, दुसऱ्या गिअरवर जरा खेचली, पाच हजारांच्या वर आरपीएम गेले आणि मी पटकन तिसरा टाकला तर खर्रर्र!! नुसता कानाला आवाज नाही, दांड्यातून तळहाताला झिणझिण्या आल्यासारखं. परत तसंच केलं, परत खर्र. हळू टाकला की मात्र लोण्यात सुरी गेल्यासारखा जातो. मालक शेजारी बसलेला, तो हसून म्हणाला, "हात नवीन आहे ना तुमचा, होईल सवय." आणि मी चक्क सॉरी म्हणालो! गाडी त्याची, आवाज गाडीचा आणि सॉरी मी.

घरी आल्यावर डोकं थंड झालं तेव्हा बाकीच्या गोष्टी आठवायला लागल्या. मी पोचलो तेव्हा बोनेट आधीच गरम होतं. गाडी स्प्रिंग बदलून खाली बसवलीये, पुढच्या टायरची आतली कड पार गुळगुळीत आणि बाहेरची कड अजून चांगली. मागचे टायर वेगळ्याच कंपनीचे. आता गिअरचं हे माझ्या हातामुळे होतंय की आत काही गेलंय ते ओळखायचं कसं, आणि पहिलीच गाडी म्हणून असली घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे का, दोन्ही सांगा. बाबांचं मत विचारू नका, ते मागच्या सीटवर बसून बघायला गेले आणि बाहेर काढायला दोघं लागले.

ढकलस्टार्ट:
सोड भाऊ. पहिल्या गाडीला खरचटणार, ठोकणार, क्लच जळणार. ती गाडी साधी असावी. शिवाय नवीन ड्रायव्हर आणि स्पोर्टी गाडी म्हटलं की इन्शुरन्सवाले आधी तुझं वय बघतात.

तेलकट_हात:
आधी एक सांगतो, सॉरी परत घे. पटकन टाकला तर खर्र आणि हळू टाकला तर गुपचूप, ही सिंक्रो झिजल्याची अगदी ओळखीची खूण आहे. सिंक्रो म्हणजे गिअरच्या कोनावरची एक रिंग, बऱ्याचदा पितळेची, तिचं काम एवढंच की दात एकमेकांत शिरायच्या आधी घासून दोघांचा वेग सारखा करायचा. ती झिजली की वेग जुळवायला वेळ लागतो, आणि तू तेवढा वेळ दिला नाहीस की दात दातावर आपटतात. तुझा हात नवीन असेल पण धड सिंक्रोवाल्या गिअरबॉक्सला तेवढं चालतं, क्लच पूर्ण दाबलेला होता ना एवढंच आठव. अर्धवट दाबला असशील तर मात्र मालक बरोबर.

ते तपासायला सोपं आहे. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच तळाला टेकेपर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांब आणि मग रिव्हर्स टाक. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे थांबूनही रिव्हर्स खर्र करत असेल तर क्लच नीट सुटत नाहीये, म्हणजे आधी क्लचचे सिलिंडर बघायचे, बॉक्स उघडायची घाई नको. रिव्हर्स शांत जातो आणि फक्त तिसराच ओरडतो, तर तिसऱ्याचाच सिंक्रो. अजून खात्री करायची तर डबल क्लच कर, म्हणजे दुसऱ्यातून न्यूट्रलला आण, क्लच सोड, आरपीएम जरा उतरू दे, परत क्लच दाब आणि तिसरा टाक. तसा जर आवाज न करता गेला तर शंकाच नको. आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप बाहेर उडी मारत असेल तर नुसत्या रिंगवर भागणार नाही, तिथून निघायचं.

मालक म्हणेल गिअर ऑईल बदला, जाईल. कधीकधी थोडा फरक पडतो, नाही असं नाही, पण झिजलेली रिंग तेलाने जाड होत नाही. बॉक्स खाली उतरवावाच लागेल, आणि उतरवलाच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं त्याच वेळी बदलून घे, कारण मजुरीचा मोठा हिस्सा उतरवण्या-चढवण्याचा असतो. तो सगळा खर्च किमतीतून कमी करून माग.

बोनेट गरम असणं मला जास्त खटकलं. पुन्हा जा, सकाळी, आणि आधीच सांग की मी येईपर्यंत चावी लावायची नाही. थंड इंजिन चालू होताना सायलेन्सरकडे कोणालातरी उभं कर. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. गारठ्यात पांढरी वाफ येते ती थोड्या वेळात जाते, जात नसेल तर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जळतंय.

दोनदारीवाली:
मी सहा वर्षं कूपे वापरतेय आणि तीही पहिलीच गाडी, त्यामुळे "सोड भाऊ" म्हणणाऱ्यांकडे जरा दुर्लक्ष कर :) पण रोजचा त्रास कोणी सांगत नाही तो मी सांगते. दार. दोनच दारं म्हणून ती लांब आणि जड असतात, अरुंद पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीला न लावता बाहेर पडायचं म्हणजे पोट आत घेऊन, एक पाय आधी काढून, असा रोजचा व्यायाम. सीट बेल्ट इतका मागे असतो की हात वळवून शोधावा लागतो. ह्युंदाईने वेलोस्टरला एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन दारं दिली ती उगाच नाही. मागचा खांब जाड, त्यामुळे लेन बदलताना मान वळवून बघायची सवय आजपासून लाव. नाक खाली असल्यामुळे उतारावरून तिरकी काढायची, नाहीतर बंपरचा ओठ घासतो, आणि ही तर अजून खाली बसवलेली आहे.

आतून गुळगुळीत टायर त्यामुळेच. खाली बसवली आणि अलाइनमेंट केली नाही की चाकं वरून आत झुकतात आणि आतली कड खातात. मूळ स्प्रिंग ठेवल्यात का विचार, असतील तर त्या आधी परत बसवून घे.

आणि मागच्या चाकांच्या ड्राइव्हबद्दल: पावसात वळणावर ॲक्सिलरेटर आणि स्टिअरिंग दोन्हींशी एकदम खेळायचं नाही. मागून सुटली की घाबरून ब्रेकवर उभं राहायचं नाही, जिकडे जायचंय तिकडे बघायचं आणि स्टिअरिंग तिकडे. स्टॅबिलिटी कंट्रोलचं (घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचं) बटण बंद करायचा मोह पहिलं वर्ष तरी नको. पुढे-मागे वेगळे टायर असले तर चारही एकसारखे घे. टायरवर चार आकडे असतात, २३१७ असेल तर २०१७ चा तेविसावा आठवडा, ते वाच. नक्षी चांगली दिसते पण रबर म्हातारं, असं या गाड्यांत फार, कारण बऱ्याचदा उभ्याच असतात.

ढकलस्टार्ट:
ताई, पोट आत घेऊन गाडीतून उतरायचं यालाच मी सोड भाऊ म्हणत होतो :)

काटा_लालरेषेवर:
धागाकर्त्याला एवढंच की प्रत्येक कूपेचं दुखणं वेगळं, त्यामुळे मॉडेलचं नाव टाकशील तर बरं. माझदा आरएक्स-८ चं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरणारे रोटर) बनावटीनेच थोडं ऑईल जाळतं, ते दर काही दिवसांनी डिपस्टिक ओढून न बघणाऱ्याने घेऊच नये, आणि त्याचं कॉम्प्रेशन मोजायला साधं गेज पुरत नाही. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेडमध्ये बॉक्सर इंजिन, सिलिंडर आडवे झोपलेले, त्यामुळे ते खाली बसतं आणि गाडी वळते मस्त, पण स्पार्क प्लग बदलायला मेकॅनिकचा हात शिरत नाही. आणि ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारं यंत्र, घेऊन जा. नुसते एरर कोड बघू नको, रेडीनेस मॉनिटर बघ, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात की नाही ते. आदल्या दिवशी कोड पुसले असतील तर कोड शून्य दिसतात पण मॉनिटर पूर्ण झालेले दिसत नाहीत.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार, विशेषतः सॉरी परत घ्यायला लावल्याबद्दल. आज सकाळी परत गेलो, सोबत मित्राला नेलं, तो दहा वर्षं मॅन्युअल चालवतोय. बोनेट थंड. चालू केल्यावर धूर नाही, क्षणभर खडखड झाली आणि थांबली. रिव्हर्स शांत गेला. गाडी पूर्ण गरम झाल्यावर मित्राने चालवली, दुसऱ्यातून तिसरा पटकन, खर्र! मी मागच्या सीटवर मान वाकडी करून बसलेलो, तिथून मालकाकडे बघितलं, तो खिडकीतून बाहेर बघत होता. डबल क्लचने टाकला तर आवाज नाही.

मॉनिटर तीन अपूर्ण. विचारलं तर म्हणाला मागच्या आठवड्यात बॅटरी बदलली. मूळ स्प्रिंग आहेत म्हणे, गावाला कोणाकडे तरी ठेवल्यात.

काटा_लालरेषेवर:
बॅटरी काढली तरी मॉनिटर पुसले जातात, त्यामुळे खोटंच बोलतोय असं नाही. त्याला म्हणावं काही दिवस नेहमीसारखी चालव, सगळे पूर्ण झाले की परत बघतो. ज्याला लपवायचंय तो नाही म्हणेल.

धागाकर्ता:
तसंच सांगितलं. आधी म्हणाला दुसरं गिऱ्हाईक आहे, मग अर्ध्या तासाने मेसेज आला की रविवारी या. टोकन दिलेलं नाही. क्लच आणि सिंक्रोचा अंदाज एका मेकॅनिककडून लिहून आणतोय, तो कागद त्याच्या हातात ठेवणार. तोवर ती क्षणभराची खडखड काय असावी ते कोणी सांगेल का? ऑईल वर चढेपर्यंत टायमिंग चेनची (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणाऱ्या साखळीची) असू शकते असं मित्र म्हणतो, पण त्याच्या गाडीत साखळीऐवजी बेल्ट आहे.