जुनी ई-क्लास घेऊ का? १० वर्षांची लक्झरी सेदान पुढची ७-८ वर्षं टिकेल की नाही, हे कसं ओळखायचं?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. बाबांचं वय ७४, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. आमच्या हॅचबॅकमध्ये बसता-उतरताना त्यांचे हाल होतात, आणि उंच एसयूव्हीत चढणं त्यांना जमत नाही. म्हणून रुंद दाराची, मोठ्या सीटची सेदान शोधतोय. नवी मध्यम सेदान जेवढ्याला पडते तेवढ्यात २०१४ ची मर्सिडीज ई २५० सीडीआय मिळतेय. गाडी मुंबईची, एक मालक, मीटर ७८,०००, एजंटची मागणी १४ लाख. बाबा पुढच्या सीटवर बसले, सीट बटणाने वर घेतली, आणि पाच मिनिटं उतरायचं नावच काढेनात.

वापर म्हणाल तर रोज घर ते दुकान ६ किमी आणि महिन्यातून दोनदा मुंबई. एकदा घेतली की ७-८ वर्षं बदलायची नाही. 'जर्मन गाड्या लाखो किलोमीटर पळतात' हेही ऐकलं आणि 'जर्मन गाडी घर विकायला लावते' हेही. मला मत नकोय. समोर उभी असलेली ही एक गाडी टिकेल का, हे कशावरून ठरवायचं ते सांगा.

सुटेभाग (पिंपरी)

दादा, प्रश्न बरोबर विचारलात. बहुतेक जण 'मर्सिडीज चांगली की बीएमडब्ल्यू' इथेच अडकतात. माझ्या गॅरेजात २२ वर्षं जर्मन गाड्याच येतात. १०व्या वर्षी एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत जेवढा फरक पडलेला असतो, तेवढा दोन कंपन्यांत नसतो. म्हणून मॉडेलची माहिती आधी घ्यायची, ती एवढ्यासाठीच की बघायचं कुठे ते कळावं.

ई २५० सीडीआयमध्ये ओएम ६५१ हे २१४३ सीसीचं डिझेल इंजिन आहे. दणकट आहे, नीट सांभाळलेली इंजिनं मी ३ लाखांच्या पुढे गेलेली पाहिली आहेत. याची टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. म्हणजे चेनचं काम निघालं की सुट्या भागांपेक्षा मजुरी मोठी. म्हणून गाडी थंड असतानाच स्टार्ट करून ऐका. पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड आली आणि मग थांबली, तर ती चेन किंवा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) असण्याची शक्यता धरा. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांना पिएझो प्रकारचे इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) होते आणि त्यांच्या तक्रारी जगभर झाल्या. नंतर सोलेनॉइड इंजेक्टर आले, त्यामुळे २०१४ च्या गाडीत ती भीती कमी.

गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, हा माझा पहिला प्रश्न असतो. 'लाइफटाइम तेल आहे, बदलावं लागत नाही' असं उत्तर आलं तर सावध व्हा. बीएमडब्ल्यूत झेडएफचा ८ गिअरचा बॉक्स येतो. तो बनवणारी झेडएफच ८०,००० ते १,२०,००० किमीला तेल बदला म्हणते. मर्सिडीजच्या ७ गिअरच्या बॉक्सचंही तेच, मी तर ६०,००० लाच बदलतो. चालवताना इंजिन गार असताना २ वरून ३ वर जाताना आणि थांबता थांबता खाली येताना झटका बसतो का बघा. तो झटका एजंट तुम्हाला कधीच जाणवू देणार नाही, कारण तुम्ही पोचेपर्यंत त्याने गाडी गरम करून ठेवलेली असते. पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा पिऊन परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा.

बाकी रबर. १० वर्षांत रबर मरतं, गाडी चालो न चालो. चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश (रबरी गाद्या), इंजिन माउंटिंग, कूलंटचे पाइप. हा खर्च येणारच असं धरूनच भाव करा.

कसारा_घाट

सुटेभाग यांच्याशी सहमत, पण ६ किमीचा मुद्दा निसटू देऊ नका. रोज ६ किमी म्हणजे डिझेल इंजिन धड गरम होण्याआधी बंद. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या नळीत) काजळी साठते, आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत तर तो जाळून साफ व्हायला सलग २०-२५ मिनिटांची मोकळी धाव लागते. मी हेच केलं होतं. एका जर्मन डिझेल सेदानला तीन वर्षं फक्त शहरात फिरवलं, आणि मग काढलेलं बिल आजही आठवतं. दोष गाडीचा नव्हता, माझ्या वापराचा होता.

तुमच्या वापराला मी टोयोटाची जुनी कॅमरी हायब्रिड सुचवेन. २०१३ पासून ती कर्नाटकात बिडदीला जोडली जात होती, त्यामुळे २०१५-१६ च्या बऱ्याच सापडतात. २.५ लिटर पेट्रोल, टर्बो नाही, डीपीएफ नाही. गिअरबॉक्स म्हणजे प्लॅनेटरी गिअर आणि दोन मोटर-जनरेटर. त्यात घासून संपणारा क्लच किंवा पट्टा नाही. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. प्रश्न एकच, हायब्रिड बॅटरी. ती थंड ठेवणाऱ्या पंख्याची हवेची जाळी मागच्या बाजूला असते. ती धुळीने आणि केसांनी बुजली असेल तर त्या मालकाने बॅटरी आयुष्यभर तापवली असं समजा. मागच्या सीटला जागाही भरपूर.

सुटेभाग (पिंपरी)

कॅमरी गाडी म्हणून उत्तम, यात वादच नाही. पण मला विचाराल तर दुकानाला स्कूटरने जा आणि मोठी गाडी मुंबईला काढा. आठवड्यातून एकदा समृद्धीवर अर्धा तास १०० ने चालली तरी डिझेल निरोगी राहतं. इगतपुरी तुम्हाला जवळच आहे.

शेवंती (ठाणे)

गाडीतलं मला फार कळत नाही, मी विम्याच्या कामात आहे. तुम्ही बोनेट उघडण्याआधी कागद उघडा.

जुनी पॉलिसी मागा आणि त्यावर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती टक्के आहे ते वाचा. क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० असा वाढत जातो. एकाच मालकाच्या १० वर्षांच्या गाडीला 'कधी खरचटलंही नाही' म्हणत असतील आणि बोनस २० टक्केच दिसत असेल, तर मधे कधीतरी क्लेम झालाय किंवा पॉलिसी तुटली आहे. दोन्हींचं उत्तर मागा. (तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही, हेही हिशेबात धरा.) 'वाहन' या सरकारी पोर्टलवर कर्जाचा बोजा आणि थकलेली चलनं बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आणि पाणी. २००५ चा मुंबईचा पूर किंवा २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आठवा. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन, वास मारून परत बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालची रूळपट्टी गंजली आहे का आणि स्टेपनीच्या खड्ड्यात काय आहे, तेही बघा. या गाड्यांत कंट्रोल युनिट आणि वायरिंग बरंच खाली असतं. पाणी शिरलेल्या गाडीचा त्रास सहा महिन्यांनी सुरू होतो आणि मग संपत नाही.

गोदाकाठ (नाशिक)

ताई, बोनसचं कधीच सुचलं नसतं. सगळ्यांचे मनापासून आभार. सुटेभागदादा, गाडीच्या कॉम्प्युटरला यंत्र जोडून स्कॅनिंग करतात म्हणे, त्याने नक्की काय कळतं? एजंट म्हणतो, मीटरवर एकही दिवा नाही, मग स्कॅन कशाला.

सुटेभाग (पिंपरी)

दिवा नसला तरी स्कॅन कराच. १,५०० रुपयांच्या ब्लूटूथ डोंगलने नाही, त्या कंपनीच्या गाड्यांचं पूर्ण डायग्नोस्टिक असलेल्या गॅरेजात. इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग, सगळी युनिटं एकेक करून वाचायची. बिघाडाच्या जुन्या कोडबरोबर तो बिघाड किती किलोमीटरला नोंदला गेला, तेही अनेकदा साठवलेलं असतं. मीटर फिरवणारा समोरचा आकडा बदलतो, पण प्रत्येक युनिटमधली नोंद पुसायला तो बसत नाही. आणि सगळे कोड कालच पुसलेले निघाले तर तेही उत्तरच आहे. १४ लाखांच्या व्यवहारात पाच-सहा हजार तपासणीला घालायला मालक तयार नसेल, तर गाडी सोडा.

सोबत टायरवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. काचांच्या कोपऱ्यातली खूणही जुळवा. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली, ते विचारा.

गोदाकाठ (नाशिक)

नऊ दिवसांनी लिहितोय. स्कॅन केलं. एजंटने दोनदा टाळलं, शेवटी मी पैसे भरतो म्हटल्यावर आला. गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये एक जुना कोड निघाला, १,२६,४०० किमीला नोंदलेला. मीटरवर ७८,०००. गॅरेजवाल्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि काहीच बोलला नाही. एजंटने 'मीटर बदललं होतं' म्हणून सांगितलं. बदलल्याचं बिल मागितलं, ते नाही.

गाडी सोडली. बाबांना वाईट वाटलं, मलाही. इंजिन खरंच छान वाजत होतं.

आता पुण्यात तेच मॉडेल, २०१५ चं, १,३१,००० किमी, मागणी साडेबारा. मालक स्वतः बोलतात, मधे एजंट नाही. त्यांनी बिलांची फाइल फोटो काढून पाठवली. गिअरबॉक्सचं तेल ६२,००० आणि १,१८,००० ला, पुढचे लोअर आर्म गेल्या वर्षी, कूलंटचा पंप बदललेला. बोनस ५० टक्के. आकडा मोठा आहे म्हणून घरचे घाबरतायत.

कसारा_घाट

१,३१,००० कागदावर दिसतायत, म्हणून ते १,३१,००० आहेत. त्या ७८,००० पेक्षा मला हे परवडतील. तरी एकदा बाबांना कॅमरीत बसवून बघाच.

सुटेभाग (पिंपरी)

फाइल बघून बरं वाटलं. चेनचा आवाज आणि ईजीआर एवढं ऐका-बघा, आणि मागचे बुश बिलात नाहीत, ते भावात धरा. घेतल्यावर पहिल्या वर्षासाठी दोन-अडीच लाख वेगळे ठेवा, ते गाडीच्या किमतीतच मोजा. पुण्यातच आहे तर शनिवारी मी येतो सोबत, पैसे नकोत.

गोदाकाठ (नाशिक)

दादा, शनिवारी सकाळी ७ ला मालकांच्या घरी भेटू. आदल्या रात्रीपासून गाडी हलवू नका असं त्यांना सांगितलंय, ते लगेच हो म्हणाले. बाबाही येतायत, त्यांना मागच्या सीटवर बसून बघायचंय. येताना कॅमरीही एक आहे चाकणला, ती बघून परतू.