अ‍ॅसिडच्या टाकीला एफआरपी की रबर लायनिंग?

सुरसागर (धागा सुरू करणारे)
बडोद्याच्या आसपास, मकरपुऱ्यात काय नि नंदेसरीत काय, ३० टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड साठवायचं म्हटलं की पहिला कोटेशन एफआरपीचा, म्हणजे रेझिनमध्ये काचतंतू बसवलेल्या प्लास्टिकचा, मागवतात. मला हे पटत नाही. टँकर वरचेवर रिकामा होत असेल तर ५ मिमी एबोनाइट लायनिंगची (आतून गंधकाने कडक केलेल्या रबराचं अस्तर असलेली) माइल्ड स्टीलची टाकीच घ्यावी. मऊ नैसर्गिक रबरावरसुद्धा हे अ‍ॅसिड चढलं की पृष्ठभागावर रबर हायड्रोक्लोराइडचा कडक थर बनतो आणि तोच पुढच्या रबराचं रक्षण करतो. शिवाय लायनिंग झाल्यावर स्पार्क टेस्टने (विजेच्या ठिणगीने केलेल्या तपासणीने) सुईएवढं भोकही सापडतं. एफआरपीत कारागिराने आत काय भरलं ते रंग लावल्यावर कोणाला दिसतं?

मांडवी
सुरसागरभाऊ, दिसतं, पण मागितलं तर. आधी आकडे बघू. १० हजार लिटरची टाकी, व्यास २ मीटर, अ‍ॅसिडची उंची ३.२ मीटर, घनता १.१५. तळाशी दाब साधारण ०.३६ बार. म्हणजे भिंतीच्या दर मिलिमीटर उंचीला ३६ न्यूटनची ओढ. हाताने मॅट (काचतंतूंची चटई) लावून केलेल्या एफआरपीचा ताठपणा ७,००० मेगापास्कलच्या आसपास धरा. भिंत ८ मिमी असेल तर ताण ०.०६ टक्के बसतो. स्वस्तात मिळते म्हणून ५ मिमी घेतलीत तर ०.१ टक्का ओलांडतो, आणि रसायनाच्या टाकीसाठी हीच मर्यादा धरतात. ती ओलांडली की आतल्या रेझिनला केसासारख्या चिरा पडतात, अ‍ॅसिड ई-ग्लासपर्यंत (आतल्या नेहमीच्या काचतंतूंपर्यंत) जातं, काचेतला कॅल्शियम नि अ‍ॅल्युमिनियम धुऊन निघतो आणि ताणाखालची काच तुटायला लागते. दोष एफआरपीचा नाही, किलोच्या भावाने टाकी विकत घेण्याचा आहे.

आतला थरच खरा. आधी सी-ग्लासचा (रसायन सोसणाऱ्या काचेचा) पातळ टिश्यू, त्यात जवळपास ९० टक्के रेझिन. त्यावर ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन-तीन थर, रेझिन ७० टक्क्यांच्या वर. हा सगळा भाग व्हिनिल एस्टर या जास्त टिकाऊ रेझिनचा. मजबुतीचे रोविंगचे (काचतंतूंच्या जाड जुडग्यांचे) थर त्याच्या बाहेर. आतून आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर रेझिन चालवून घेऊ नका.

कोठी
दोघेही शुद्ध अ‍ॅसिड धरून चाललात. आपल्याकडे बरंच अ‍ॅसिड क्लोरिनेशनमधून उपउत्पादन म्हणून येतं आणि त्यात क्लोरोबेंझिनसारखं काहीतरी उरलेलं असतं. त्याची घनता १.११, अ‍ॅसिडपेक्षा कमी, म्हणून ते वर तरंगतं. टाकीतली पातळी वर-खाली होते तशी ती तेलकट साय भिंतीला घासत राहते. रबर फुगतं, व्हिनिल एस्टरही मऊ पडतं. ऑर्थो-डायक्लोरोबेंझिन असेल तर उलटं, ते १.३० चं, तळाशी बसून ड्रेन नोझलजवळचा (टाकी रिकामी करायच्या तोंडाजवळचा) भाग खातं. तेव्हा टाकीचं मटेरियल ठरवण्याआधी पुरवठादाराकडून नमुना घ्या, काचेच्या सिलिंडरमध्ये रात्रभर ठेवा. वर किंवा खाली वेगळा थर दिसला तर हा सगळा वाद बाजूला ठेवा आणि आधी ते तेल वेगळं करा.

सुरसागर
कोठींचा मुद्दा मान्य. मांडवी, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो स्थिर टाकीचा. टँकर हवेने ढकलून खाली करतात, शेवटी अ‍ॅसिड संपतं आणि सगळी हवा एकदम टाकीत घुसते. व्हेंट (हवा बाहेर जायची वाट) स्क्रबरच्या (वाफ धुणाऱ्या यंत्राच्या) वॉटर सीलमधून असेल आणि सील १५० मिमी पाण्याचं असेल, तर २ मीटर व्यासाच्या छपरावर ४७० किलोचा उचल बसतो. एफआरपीचा सपाट तळ कडेने उचलला जातो आणि कोपऱ्याचा सांधा फाटतो. स्टील हे सहन करतं.

मांडवी
स्टीलही हे नेहमीसाठी सहन करत नाही. त्यावरचं एबोनाइट ठिसूळ असतं, धक्क्याने तडकतं आणि मग खालचं स्टील अ‍ॅसिड बघता बघता खातं. आत हायड्रोजन तयार होऊन लायनिंगला फुगा येतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. एफआरपी निदान आधी पाझरून सांगते. इलाज व्हेंट मोठा ठेवण्याचा, टाकीला होल्डिंग-डाउन लग (खाली बांधून ठेवायचे कान) देण्याचा आणि तळाखाली एकही खडा राहणार नाही असा गुळगुळीत बेड करण्याचा आहे. नोझलला पाइपचं वजन लटकवू नका, बेलोज (लवचिक जोड) घाला.

आता "कोणाला दिसतं" याचं उत्तर. मॅनहोल कापताना जो गोल तुकडा निघतो तो ऑर्डरमध्येच लिहून मागा. त्यातली दोन बोटांची पट्टी भट्टीत साडेपाचशे-सहाशे अंशांवर जाळा. रेझिन उडून जातं, उरते पांढरी काच. ती चिमट्याने पापुद्र्यासारखी सोलता येते: हा टिश्यू, ही मॅट, हे विणलेलं रोविंग. मोजा आणि ड्रॉइंगशी ताडून बघा. आतून बारकोल (कडकपणा मोजायचं यंत्र) लावा, रेझिनवाल्याने दिलेल्या आकड्याच्या निदान ९० टक्के यायला हवं. नोझलच्या आतल्या सांध्यांवर अ‍ॅसिटोनचा थेंब चोळा. चिकट लागलं तर रेझिनच्या शेवटच्या हातात मेण घातलेलं नाही, हवेमुळे वरचा थर कच्चा राहिलाय. गळती बहुधा याच सांध्यांतून सुरू होते, सपाट भिंतीतून क्वचित.

लहरीपुरा
पीपी-एफआरपीचं (पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन) नाव कोणीच घेतलं नाही. ३ मिमी पीपी शीट, बाहेरून एफआरपी. फक्त शीटला मागे काचेचं कापड चिकटवलेलं हवं, कारण साध्या पीपीला रेझिन धरतच नाही. ३० अंश फरकात ३ मीटर पीपी मोकळं ठेवलं तर ११ मिमी वाढतं, एफआरपी जेमतेम अडीच. कापड नसेल तर एका उन्हाळ्यात शीट सुटते. डाइकला (टाकीभोवतीच्या कठड्याला) मात्र अ‍ॅसिडप्रूफ विटाच लावा. विटा दाब झेलतात, पण गळती अडवत नाहीत, ते काम खालच्या मेम्ब्रेनचं (पाझर अडवणाऱ्या पडद्याचं). आणि फ्युरान रेझिनचं मॉर्टर उघड्या काँक्रीटवर लावू नका, त्यातला आम्ल हार्डनर सिमेंटशीच लढतो आणि मॉर्टर पक्कं होत नाही.

सुरसागर
तुकडा जाळण्याची अट मी उद्यापासून लिहीन, पण मत बदललेलं नाही. ज्या कारखान्यात ही तपासणी करणारा माणूस नाही, तिथे ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाच्या बंद भांड्यात) शिजवलेलं रबर जास्त भरवशाचं.

मांडवी
तिथेही रबराच्या टाकीला कोणीतरी नंतर बाहेरून शिडीचा क्लीट (आधाराचा तुकडा) वेल्ड करतो आणि आतलं लायनिंग जळतं. घ्यायचीच असेल तर क्लीट, लग, नेमप्लेट सगळं लायनिंगच्या आधी लावून घ्या आणि टाकीवर चारही बाजूंनी मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवा: आत रबर आहे, वेल्डिंग करू नये. मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत.