मदत हवी आहे: ‘हॉफमनच्या कथा’ची चिकित्सक आवृत्ती

१८८० मध्ये संगीतकार ऑफेनबाख यांचे निधन झाले तेव्हा ‘हॉफमनच्या कथा’ हा त्यांचा ऑपेरा अपुरा होता. १८८१ च्या पहिल्या प्रयोगात जुलिएत्ता या नायिकेचा अंकच गाळला गेला आणि पुढील छापील प्रतींत परक्या हातांची भर पडत गेली. जुनी पियानो-गायन प्रत (वाद्यवृंदाऐवजी पियानोसाठी मांडलेली) आणि संपादक फ्रिट्झ ओएझर यांची १९७७ ची आवृत्ती मी ताडून पाहिली आहे. परंतु ओएझर यांनीही स्वतःची जोड दिलेली असल्याने संगीतकाराचे लेखन नेमके कुठे संपते हे उमगत नाही, आणि चिकित्सक आवृत्तीचे (हस्तलिखिते ताडून मूळ पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीचे) खरे मोल मला त्या सीमारेषेतच वाटते. प्रयोग करायचा नाही, केवळ अभ्यास करायचा आहे. फ्रेंच वाचता येते, जर्मन नाही. मायकेल के आणि जाँ-क्रिस्तोफ केक या संपादकांच्या चिकित्सक आवृत्तीत प्रत्येक गीताचा हस्तलिखित आधार व पाठभेद सविस्तर दिले आहेत का, आणि ती टिपणे प्रयोगासाठीचे साहित्य भाड्याने न घेता वाचायला मिळतात का?